वाऱ्याची बाही

सोमवारी दुपारी चारच्या सुमाराला वळवाच्या वादळानं आमच्या विमानतळाची पिशवी फाडली, तेव्हा मी ऑफिसच्या दारात चहाचा कप घेऊन उभा होतो. माळावरून धुळीचा एक लोट आला, पत्रे खडखडले, आणि धावपट्टीपलीकडच्या खांबावरची केशरी-पांढरी पिशवी दोनदा फडफडून उभी चिरली. अर्धी चिंधी तारेच्या कुंपणात अडकली. अर्धी कुठं गेली ते शेवटपर्यंत कळलं नाही.

वारा कुठून येतोय आणि किती जोरात, हे वैमानिकाला वरून दिसावं म्हणून ही पिशवी लावतात. कागदोपत्री तिचं नाव वारादर्शक. आम्ही पिशवीच म्हणायचो.

रुईखेडचा विमानतळ म्हणजे माळावरची एक धावपट्टी, चाळीस खुर्च्यांचा एक हॉल, आगीचा एक बंब आणि दिवसाला मुंबईहून येणारं एक पंख्याचं विमान. ते पावणेतीनला यायचं, सव्वातीनला परत जायचं. त्यातून मोसंबीचे व्यापारी जायचे, डोळ्याच्या ऑपरेशनला निघालेले म्हातारे जायचे, आखातात नोकरीला चाललेली पोरं जायची. एकदा एक अख्खं वऱ्हाड गेलं होतं, नवरदेवाच्या बाशिंगासकट. मी तिथला अधिकारी होतो. चिपळूणकडचा माणूस, वय तेहतीस, त्या उजाड माळावर दोन वर्षं काढलेली आणि बदलीचा अर्ज केलेला.

गुरुवारी परवान्याच्या नूतनीकरणासाठी तपासणी होती. मागच्या खेपेला दोन त्रुटी निघाल्या होत्या. या वेळी मोठी त्रुटी राहिली तर विमान बंद, असं पत्रात स्पष्ट लिहिलेलं. मी स्टोअर उघडून जादाची पिशवी काढली, तर तिच्यात उंदरानं पिल्लं घातलेली. दिल्लीच्या पुरवठादाराला फोन केला. तो म्हणाला, दहा दिवस लागतील.

गेटवर हवालदार पठाडे असायचे. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेला, पोट सुटलेला, सगळ्या गावाला ओळखणारा माणूस. त्यांनी सुचवलं, की स्टँडजवळ कौसाबाई म्हणून शिलाईवाली आहे, तिला विचारा. ती बैलाच्या झुली शिवते, मांडवाच्या कनाती शिवते, ट्रॅक्टरच्या सीटची कव्हरं शिवते. मग ही पिशवी तिला काय अवघड?

मी तसाच जीप काढून गेलो.

कौसाबाई पंचेचाळीस-पन्नाशीची होती. गळ्यात टेप, पदराच्या खांद्यावर ओळीनं खोचलेल्या टाचण्या. नवरा वारल्यावर माहेरी येऊन राहिलेली आणि मशीनवर पोट चालवणारी. मी कागदावर चित्र काढून दाखवलं. तोंड तीन फूट रुंद, लांबी बारा फूट, शेपटाकडं निमुळती होत गेलेली, दोन्ही बाजूंनी उघडी, केशरी-पांढरे पाच पट्टे. तिनं कागद उजेडात धरला आणि म्हणाली,

"ही तर बाही हाय. एका हाताची."

मला हसू आलं. तिलाही आलं. परकराला घालतो तशा आठ कळ्या घालाव्या लागतील, तोंडाला तारेचं कडं शिवावं लागेल, असं ती स्वतःशीच बोलायला लागली. मग सहज म्हणून तिनं विचारलं, की लावायची कुठं आहे. मी सांगितलं, धावपट्टीच्या मावळतीला, टेकडीच्या घळीसमोर खांब आहे तिथं.

कागदाची घडी घालून तिनं माझ्या हातात परत दिली.

"न्हाई व्हायचं माझ्याच्यानं."

मी कारण विचारलं. ती मशीनवर बसून पाय चालवायला लागली. दुकानात दुसऱ्या गिऱ्हाईक बायका होत्या, त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मी परत आलो.

मंगळवारी सकाळी पुन्हा गेलो. मला दुसरा उपायच नव्हता. या खेपेला मी साहेबासारखा बोललो नाही. परवाना गेला तर विमान जाईल, विमान गेलं तर माझ्याबरोबर इथले सव्वीस जण घरी बसतील, त्यातले एकोणीस गावचेच आहेत, हे सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"शिवते," ती म्हणाली. "पन खांबावर चढवताना माझ्या बापाला आत न्यायचं. त्यांच्यादेखत चढली पाहिजे."

मला वाटलं, म्हाताऱ्याला विमानतळ बघायची हौस असेल. मी म्हणालो, की धावपट्टीच्या बाजूला बाहेरच्या माणसाला नेता येत नाही, तसा नियम आहे.

"मग नियमाकडनंच शिवून घ्या," कौसाबाई म्हणाली.

मी कबूल झालो. म्हटलं, काहीतरी करू. मजूर म्हणून पास बनवता येईल.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिनं मांडवाच्या कापडाची पहिली बाही शिवली. दिसायला झकास. पण ती वाऱ्यात भरते की नाही हे कळणार कसं? वादळ येऊन गेल्यापासून हवा ठप्प होती. मग कौसाबाईनंच युक्ती काढली. ती जीपच्या मागच्या बाजूला उभी राहिली, एका हातानं सळई आणि दुसऱ्या हातानं ते कडं घट्ट धरून, आणि मला म्हणाली, पळवा. रुईखेडच्या स्टँडपासून ते कापूस खरेदी केंद्रापर्यंत मी जीप पळवली. मागं बारा फुटी बाही घेतलेली कौसाबाई, तिच्यामागं गावातली सगळी कुत्री. पानटपरीवरची माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी विचारलं, कोणत्या पक्षाचा प्रचार आहे.

बाही भरली नाही. ओल्या गोणपाटासारखी लोंबत राहिली.

"कापड जड हाय," खाली उतरून ती म्हणाली. तिच्या केसात, भुवयांत धूळ बसली होती. "छत्रीचं कापड पाहिजे."

बुधवारी सकाळी मी तालुक्याला जाऊन छत्रीवाल्याकडून पांढरं कापड आणलं. केशरी मिळालं नाही. तिनं निम्मं कापड पातेल्यात रंगवून पत्र्यावर वाळत टाकलं. मे महिन्याच्या उन्हात तासाभरात खडखडीत झालं. दुपारपर्यंत कळ्या बेतून झाल्या, संध्याकाळी पुन्हा जीप, पुन्हा कुत्री. या वेळी स्टँडचं वळण घेताच मागून फट् असा आवाज आला. मी आरशात पाहिलं. बाही टम्म फुगून सरळ आडवी झाली होती आणि कौसाबाई दोन्ही हातांनी सळईला लोंबकळल्यासारखी उभी होती. तिचा चेहरा लहान पोरीसारखा झाला होता.

जीपमधून उतरताना तिनं एक विचारलं.

"खांबावरचं कडं फिरतं हाय ना?"

मी म्हणालो, फिरतं की. वारा फिरला की पिशवी फिरायला नको का?

"वर चढून बघितलंय?"

मी बघितलं नव्हतं. मी दर महिन्याच्या अहवालात वारादर्शक सुस्थितीत आहे असं लिहायचो, आणि ते ऑफिसच्या खिडकीतून बघून लिहायचो.

"आबा म्हनतात, ते फिरत न्हाई."

तिच्या बापाला हे कसं ठाऊक, हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. कामाच्या घाईत होतो. परत गेल्यावर बंबावरच्या एका माणसाला शिडी लावून वर चढवलं. कड्याचा खालचा खिळा गंजून खांबाला धरून बसला होता. रॉकेल टाकून, हातोडीनं ठोकून, ग्रीस भरून तासाभरानं तो सुटला. वर्षभर आमची पिशवी एकाच दिशेला तोंड करून होती आणि मला वाटत होतं की रुईखेडला वारा उगवतीकडूनच येतो. ऑफिसच्या छतावर वारा मोजायचं यंत्र होतं, तेही बहुतेक तसंच दाखवायचं. पण ऑफिस होतं धावपट्टीच्या उगवतीच्या टोकाला आणि खांब होता पार मावळतीला.

गुरुवारी दीड वाजता कौसाबाई बापाला घेऊन गेटवर आली. लिंबाजी आबा ऐंशीच्या पुढचे. काटक अंगाचे, धोतर, खांद्यावर पांढरं उपरणं, हातात काठी. डोळे मात्र लख्ख होते. मी दोघांचे पास तयार ठेवले होते. हुद्दा: मजूर. काम: वारादर्शक उभारणी.

पठाडे पास बघत होते. त्यांनी म्हाताऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि मला बाजूला घेतलं.

"साहेब, हे तेच."

"कोण तेच?"

"कुंपणापाशी यायचे ते. आपलीच ऑर्डर हुती."

मला आठवायला थोडा वेळ लागला. आठ-नऊ महिन्यांपूर्वीची गोष्ट. रोज विमान उतरायच्या वेळेला एक म्हातारा मावळतीच्या कुंपणाबाहेर येऊन उभा राहायचा आणि पांढरं फडकं उंच धरायचा. धावपट्टीसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची एक समिती होती. ती अधूनमधून निशाणं घेऊन यायची. मला वाटलं, हा त्यातलाच. मुंबईच्या प्रवाशांच्या नजरेला नको, वर कुणी तक्रार केली तर माझ्या अंगावर येईल, म्हणून मी पठाड्यांना सांगितलं की त्याला तिथं उभं राहू देऊ नका. पुढं एकदा त्यांनी त्याला दोन तास चौकीत बसवून ठेवलं होतं. त्या दिवशी मी चौकीवरून जीपनं गेलो. बाकावर बसलेला म्हातारा मला दिसला होता. मी उतरलो नव्हतो.

मी कौसाबाईकडं गेलो. विचारलं, हे आधी का नाही सांगितलं?

"सांगितलं असतं तर पास दिला असता का?" ती म्हणाली. आवाज चढवून नाही. साधं विचारावं तसं.

मी पठाड्यांना फाटक उघडायला सांगितलं.

पठाड्यांनाही बरोबर घेऊन जीपमधून आम्ही खांबापाशी गेलो. आबांना उतरायला मी हात दिला, तो त्यांनी घेतला. खाली उतरून त्यांनी चपला काढल्या आणि त्या तापल्या मुरमावर अनवाणी उभे राहिले. चारी बाजूंना बघितलं. मग खांबापासून पाच-सहा पावलं चालत गेले आणि काठी टेकवून म्हणाले,

"हितं खळं हुतं आमचं. हितंच तिवढा."

कौसाबाईनं मला सांगितलं, की धावपट्टीची सात एकर आणि हे खळं त्यांचंच. घळीतून दुपारी वारा उठायचा म्हणून आज्यानं मुद्दाम इथं खळं केलं होतं. सुगीत आई तीन पायांच्या उंच तिवढ्यावर उभी राहून धान्य उपणायची आणि भूस पार पलीकडच्या बांधापर्यंत उडायचं. आजूबाजूचे लोकसुद्धा आपली ज्वारी उपणायला इथं आणायचे.

"खांबाला ही जागा कुनी दावली?" आबांनी मला विचारलं.

मी म्हणालो, इंजिनिअरनी, नकाशावर बघून.

"नशीबवान हायेत," ते म्हणाले.

बंबावरच्या माणसानं वर चढून बाही कड्याला बांधली. दोरी सुटली आणि ती सरळ खाली लोंबली. हवेचं नाव नव्हतं. उन्हानं धावपट्टी पाण्यासारखी हलताना दिसत होती. सव्वादोन वाजले. तपासणीच्या बाई याच विमानानं येणार होत्या आणि पहिली नजर त्यांची या लोंबत्या बाहीवर पडणार होती. माझी चलबिचल आबांना दिसली असावी. त्यांनी चिमूटभर माती उचलली, खांद्याइतक्या उंचीवरून सोडली. ती सरळ त्यांच्या पायावर पडली.

"अजून न्हाई," ते म्हणाले. "पाऊन तीनला उठंल. उलटं."

"उलटं म्हणजे?"

"आता हाय का न्हाई असं उगवतीचं हाय. मग मावळतीचं येतं, घळीतनं. जोरात येतं."

मी वेळ बघितली आणि निघालो, कारण विमानाशी रेडिओवर बोलायचं काम माझंच होतं. दोघांना पठाड्यांच्या हवाली करून कुंपणाबाहेर न्यायला सांगितलं. आबा बाहेर जायला तयार होते, पण कुंपणापासून हलायला तयार नव्हते. विमान उतरलं की मग येतो, म्हणाले.

दोन बेचाळीसला वैमानिकाचा आवाज आला. नेहमीप्रमाणं मावळतीकडून येऊन उगवतीकडं उतरतोय, वारा सांगा. छतावरचं यंत्र दाखवत होतं, उगवतीचा, अगदी मंद. मी रेडिओचं बटण दाबलं, आणि का कोण जाणे, दुसऱ्या हातानं दुर्बीण उचलून खिडकीतून खांबाकडं पाहिलं.

बाही उठत होती. आधी शेपूट हललं, मग मधला पट्टा भरला, मग सगळी एकदम ताठ झाली. तोंड टेकडीच्या घळीकडं आणि शेपूट माझ्याकडं. म्हणजे वारा मावळतीचा होता आणि चांगला जोरात होता. विमान त्याच बाजूनं येत होतं. वारा त्याला पाठीमागून ढकलणार होता.

दोन वर्षांत मी यंत्राचा आकडा सोडून दुसरं काही वैमानिकाला सांगितलं नव्हतं. यंत्राला सरकारी शिक्का होता. ही बाही पातेल्यात रंगवलेली होती आणि ती वारा दाखवील याला साक्ष एका म्हाताऱ्याची. उलट सांगितलं आणि चूक निघाली तर तपासणीच्या दिवशीच विमान उगाच माघारी फिरवल्याचा ठपका येणार होता. हे सगळं मनात यायला किती वेळ लागला असेल, दोन-तीन सेकंद. मी बोललो, की ऑफिसवर वारा उगवतीचा मंद आहे, पण खांबावरची पिशवी पूर्ण भरलेली असून मावळतीचा जोराचा वारा दाखवते आहे.

वैमानिक म्हणाला, की उतरत नाही, फेरी मारून दुसऱ्या टोकाकडून येतो.

विमान आमच्या डोक्यावरून मोठ्यानं घरघरत पुढं गेलं. हॉलमध्ये नातेवाइकांना न्यायला आलेली माणसं उठून उभी राहिली. एक बाई रडायला लागली. मी खिडकीतच होतो. पाच-सहा मिनिटांनी ते उगवतीकडून आलं, वाऱ्याला तोंड देऊन, आणि धावपट्टीच्या निम्म्यातच थांबलं. इतकं लवकर थांबलेलं मी ते कधी पाहिलं नव्हतं.

वैमानिक खाली उतरून तडक माझ्याकडं आला. म्हणाला, गेलं वर्षभर इथं उतरताना विमान लांब जातंय, ब्रेक धरत नाहीत असं वाटतं. मी दोनदा ब्रेक तपासायला लावले. मागच्या महिन्यात टोकाच्या कुंपणापासून शंभर-सव्वाशे फुटांवर थांबलो होतो.

त्याच्यामागं तपासणीच्या दास्ताने मॅडम उभ्या होत्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, हातात फाईल. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी मला एकच विचारलं, की यंत्र वेगळं दाखवत असताना तुम्ही पिशवीकडं का पाहिलं?

मला थाप मारता आली असती. मी म्हणालो, "मॅडम, ज्यांनी सांगितलं त्यांनाच विचारा. चला."

आबा चौकीपाशी खुर्चीवर बसले होते. कौसाबाई शेजारी उभी. पठाड्यांनी त्यांना पाणी दिलं होतं. मॅडमनी दुसरी खुर्ची ओढून घेतली आणि त्यांच्या समोर बसल्या. विचारलं, आबा, तुम्हाला कसं कळलं?

आबांना बोलायला कुणी बसवलं नव्हतं बहुतेक आजवर. त्यांनी नीट घसा साफ केला.

"पाऊन तीनला हितं वारं फिरतं. साठ वर्सं त्याच्या तोंडाला उभं राहून उपनलंय, मला न कळायला काय झालं? पन ह्यांची ती पिसवी फिरतच न्हवती. इमान यायचं मागनं वारं घेऊन आणि ढकललं जायचं. एक दिस मी उगवतीच्या अंगाला हुतो, तवा तर पार तारंपाशी आलं. आतली मानसं दिसली मला, खिडकीला. एक बारकं पोर हुतं."

"मग?"

"मग काय करनार. आत कुनी येऊ देईना, सांगितलं तर ऐकंना. म्हनून रोज त्या वक्ताला येऊन उपरनं धरायचो. वर. वारं कुठनं हाय ते वरच्या मानसाला दिसंल म्हनून."

पठाडे गेटकडं तोंड करून उभे राहिले. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं नाही, पण त्यांच्या हातातलं पेन थांबलं होतं.

मी खाली बसलो, त्यांच्या खुर्चीपाशी, जमिनीवरच.

"आबा," मी म्हणालो, "मला ते निषेधाचं निशाण वाटलं होतं. तुम्हाला हाकलायला मीच सांगितलं होतं."

"ठावं हाय," ते म्हणाले. "जीपमधी तुमीच हुता."

"जमीन गेली म्हणून तुम्ही चिडून येत असाल, असं वाटलं."

"चिडलो न्हाई असं न्हाई. लई दिस जेवन गेलं न्हाई मला. पन माझ्या रानात आजवर कुनी मेलं न्हाई. साप चावला न्हाई कुनाला, हिरीत कुनी पडलं न्हाई. आता कागदावर तुमचं हाय ते. पन उद्या हितं मानसं पडली तर गाव काय म्हननार? लिंबाजीच्या रानात पडली."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि उठायला त्याचाच आधार घेतला.

"तुमी नवीन हुता," ते म्हणाले. "चल गं कौसे, ऊन लागतंय."

दास्ताने मॅडमनी जाण्याआधी तपासणी पूर्ण केली. वारादर्शक स्थानिक बनावटीचा, समाधानकारक, असं लिहिलं. त्याच्याखाली, कड्याची देखभाल वर्षभर न करता सुस्थितीचा अहवाल दिल्याबद्दल अधिकाऱ्यावर शेरा, असंही लिहिलं. फाईल माझ्यापुढं सरकवली. मी सही केली. परवाना सहा महिन्यांचा मिळाला, खांबापाशी दुसरं यंत्र बसवायच्या अटीवर. ते पावसाळ्याआधी बसलं. विमानाची उतरायची बाजू बदलली.

तो शेरा माझ्या नोकरीच्या कागदांत अजून आहे. बदलीचा हुकूम दिवाळीच्या आसपास आला, तेव्हा मी तो थांबवून घेतला. माझ्या आईनं चिपळूणहून फोन करून विचारलं, की त्या माळावर तुझं आहे तरी काय? मी आणखी चार वर्षं राहिलो. दिल्लीची पिशवी दहा दिवसांनी नाही, दोन महिन्यांनी आली. जाड होती, कौसाबाईनं चिमटीत धरून बघितली आणि नापसंत केली. मी ती स्टोअरमध्ये ठेवली. छत्रीच्या कापडाची एक बाही सात-आठ महिने टिकायची. ती विरायला लागली की कौसाबाई स्वतःच निरोप पाठवायची, की नवी बेतते आहे, कडं काढून ठेवा.

आबा येत राहिले. आता गरज नव्हती, यंत्र होतं, बाही फिरती होती, तरी अडीच वाजता काठी टेकत कुंपणाबाहेर येऊन उभे राहायचे. पठाडे त्यांच्यासाठी चौकीतली खुर्ची तारेपलीकडं ठेवायचे, पण विमान जमिनीला लागेपर्यंत ते बसायचे नाहीत. कधीकधी मी तारेच्या आतून त्यांच्या समोर जाऊन उभा राहायचो. बोलणं थोडंच व्हायचं. यंदा बोरं बारीक आहेत, घळीत पाणी टिकलं नाही, असलं काहीतरी. विमान थांबलं की ते मान हलवायचे आणि खाली बसून तपकीर ओढायचे.

पुढच्या वर्षी विमान कंपनीनं रुईखेडच्या सेवेला तीन वर्षं झाली म्हणून दोन तिकिटं दिली. मी ती कौसाबाईला नेऊन दिली. मुंबईला जाऊन-येऊन, बापलेकीनं. ती दोन दिवस मशीनवर बसली नाही. नवं लुगडं काढलं, शेजारणींना सांगून आली. बरोबर न्यायला धपाटे केले.

जायच्या दिवशी गेटवर ती एकटीच उभी होती, धपाट्यांची पिशवी घेऊन. मी विचारलं, आबा कुठं आहेत? तिनं कुंपणाच्या दिशेला मान केली. ते आपल्या जागेवर जाऊन उभे होते.

मी चालत त्यांच्याकडं गेलो. म्हटलं, आबा, तिकीट तुमच्या नावाचं आहे, वाया जाईल. एकदा बसून तर बघा, वरून तुमचं सगळं रान दिसेल.

त्यांनी माझ्याकडं बघितलं, लहान पोरानं काहीतरी खुळ्यासारखं विचारावं तसं.

"कौसा बसनार हाय ना त्यात," ते म्हणाले. "मी बी वर गेलो, तर खाली कोन बघनार?"